खुर्चीमागे दहा लेव्ह

डॉक्टर स्पास चोलाकोव्ह नगरपालिकेवर निवडून आले त्याला काही महिने होऊन गेले होते, आणि एवढ्या अवधीत त्यांच्या हातून गावाचं कसलंही नुकसान झालेलं नव्हतं. ब्रेस्तोदोलच्या नगरपालिकेत असं सहसा घडत नाही. सभेला ते वेळेवर जात, हात वर करायची वेळ आली की शेजारचा करतोय का हे पाहून करत, आणि घरी येऊन बायकोला, रुमेनाला, सांगत, "आज फार महत्त्वाचे निर्णय झाले." अशीच शांतपणे मुदत संपवून ते सन्मानानं बाहेर पडले असते. पण मार्च महिन्यात कुनाबाईंची दाढ दुखायला लागली.

कुनाबाई म्हणजे बसस्थानकामागच्या खानावळीच्या मालकीण. सहा टेबलं, एक चूल, भिंतीवर दिवंगत नवऱ्याचा फोटो आणि त्याच्या शेजारी संत निकोलाची तसबीर. गिऱ्हाइकांनी उधारी मागू नये म्हणून दोघंही डोळे वटारून बघत असत. डॉक्टर दातांचे. त्यांच्या पुढ्यात तोंड उघडून बसलेला माणूस एरवी गप्प असतो. कुनाबाई मात्र तोंडात आरसा, चिमटा आणि डॉक्टरांची दोन बोटं असतानाही स्वच्छ बोलू शकत.

"डॉक्टर, तुम्ही नगरपालिकेत बसता ना? मग मला सांगा, दारूच्या परवान्याची वर्षाची फी मला किती? नऊशे लेव्ह. गेन्कोच्या 'जुन्या गिरणी'ला किती? नऊशे. आणि त्या बोयानच्या 'ग्रँड'ला? दोनशे माणसं एका पंगतीला जेवतात तिथं. मधोमध कारंजं आहे, कारंज्यात मासे आहेत. त्याला किती? नऊशेच! माझ्याकडे कुठे आहे हो कारंजं? नळाला पाणी आलं तरी मी देवासमोर मेणबत्ती लावते."

डॉक्टरांचा हात थांबला. अन्याय म्हणजे काय हे त्यांनी वर्तमानपत्रात पुष्कळ वाचलं होतं, पण इतक्या जवळून, दाढेपर्यंत, कधी पाहिलं नव्हतं. "कुनाबाई," ते गंभीरपणे म्हणाले, "मी यात लक्ष घालतो." कुनाबाईंनी हे आश्वासन यापूर्वीच्या तीन नगरसेवकांकडून घेतलेलं होतं, त्यामुळे त्यांनी नुसती चूळ भरली. पण यापूर्वीच्या तिघांनी लक्ष घातलं नव्हतं. डॉक्टरांनी खरोखरच घातलं. घोटाळा झाला तो तिथंच.

पुढच्या सभेत डॉक्टर पहिल्यांदाच बोलायला उभे राहिले. लहान खानावळीनं लहान फी भरावी, मोठ्या हॉटेलानं मोठी भरावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नगराध्यक्ष राइको अनुभवी गृहस्थ. अशा प्रसंगी कुठलाही निर्णय न घेता माणसाचा गौरव कसा करावा हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिथल्या तिथं 'न्याय्य परवाना शुल्क समिती' नेमली. अध्यक्ष, सचिव आणि एकमेव सदस्य डॉक्टर चोलाकोव्ह.

"मात्र एक लक्षात ठेवा," राइको म्हणाले. "तिघांकडून मिळून जेवढे आज येतात तेवढे यायला पाहिजेत. त्याच पैशांतून बालवाडीचं छप्पर व्हायचंय यंदा. पोरांच्या डोक्यावर पाणी गळतंय."

डॉक्टर तरंगतच घरी आले. रुमेना मिरच्या भाजत होती. तिनं बातमी ऐकून घेतली, मिरची उलटली आणि म्हणाली, "स्पास, सप्टेंबरात आपल्या वियाराचं लग्न आहे. जेवण गेन्कोच्या गिरणीत आहे. सप्टेंबरपर्यंत तू कुणाशीही न्यायानं वागू नकोस."

पण समितीचं काम सुरू झालं होतं. गावात बातमी पसरल्याबरोबर सल्ल्यांना ऊत आला. वरच्या मजल्यावर राहणारे मेतोदी, लष्करी बँडातून ट्रॉम्बोन वाजवून निवृत्त झालेले, जिन्यातच अडवून म्हणाले, "डॉक्टर, सोपं आहे. संध्याकाळी दाराशी माणूस उभा करा. बाहेर पडणारा सरळ चालला तर फी नाही. एका बाजूला गेला तर निम्मी. दोन्ही बाजूंना गेला तर पूर्ण." न्हाव्याचं म्हणणं, मालकाच्या मोटारीवर फी लावा. पावाच्या दुकानातल्या बाईचं मत असं पडलं की, फी मालकांवर न लावता पिणाऱ्यांवर लावावी आणि त्यांच्या बायकांना द्यावी. डॉक्टरांनी प्रत्येकाचं ऐकून घेतलं, कारण लोकशाहीत ऐकून घ्यावंच लागतं.

स्वतः त्यांनी आधी बाटल्यांचा विचार केला. पण बाटली लपवता येते, आणि घरी गाळलेल्या राकियाला तर बाटलीही नसते. ती पिंपातून, कॅनमधून आणि चुलतभावाकडून येते. मग जागेच्या क्षेत्रफळाचा विचार केला. तर गेन्कोच्या गिरणीची अर्धी जमीन नदीवर. तिच्या फटींतून चमचे खाली पडतात आणि पुलापाशी सापडतात. तेव्हा नदीचं क्षेत्रफळ धरायचं की नाही? शेवटी एका रविवारी चर्चमध्ये, प्रवचन चालू असताना, समोरच्या रांगेतल्या पाठी बघता बघता डॉक्टरांना साक्षात्कार झाला. खुर्ची! खुर्ची चार पायांवर उजेडात उभी असते. खुर्ची पातळ करता येत नाही. ज्याच्याकडे जेवढ्या खुर्च्या तेवढं त्याचं गिऱ्हाईक. खुर्चीमागे दहा लेव्ह! कुनाबाईंच्या चोवीस खुर्च्या म्हणजे दोनशे चाळीस. गेन्कोच्या नव्वद, म्हणजे त्याला होते तेच नऊशे. आणि कारंजेवाल्या बोयानला दोन हजार. बालवाडीचं छप्पर होऊन वर झोपाळाही आला असता. डॉक्टर इतके भारावले की 'आमेन' इतरांच्या आधी म्हणून बसले.

संबंधितांशी चर्चा करणं कायद्यानं आवश्यक होतं. ती डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातच केली. गेन्को त्यांचा शाळेपासूनचा मित्र, दारातून आडवा आत येणारा आडदांड गडी. त्याच्या हिरड्या सुजल्या होत्या. बोयानच्या दाताला टोपी बसवायची होती. दोघांच्याही गालात भरपूर कापूस ठासून झाल्यावर डॉक्टरांनी आपली योजना सविस्तर समजावून सांगितली.

"तुझी काही हरकत नाही ना, गेन्को?"

"आँ! आँ-आँ!" गेन्को दोन्ही हात हलवत म्हणाला.

"हात खाली. सुई आहे."

अहवालात डॉक्टरांनी लिहिलं, 'सर्व व्यावसायिकांशी समोरासमोर चर्चा केली. एकानेही स्पष्ट शब्दांत विरोध नोंदवला नाही.' यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

सभेत मात्र एक अडचण निघाली. नगरपालिकेच्या मुख्य लेखनिक श्रीमती पाउनोव्हा यांनी चष्मा पुसत विचारलं, "आणि बाकडं?"

"बाकडं काय?"

"गिरणीत बाकडी आहेत. एका बाकावर किती माणसं धरायची? चार बारीक बसतात. गेन्को बसला तर गेन्को बसतो. उपविधीत आसनाची रुंदी दिल्याशिवाय मी कागद पुढे पाठवू शकत नाही."

 प्रश्न बिनतोड होता. माणूस बसला असता सरासरी किती जागा व्यापतो याचा आकडा कुणालाच ठाऊक नव्हता. तेव्हा प्रत्यक्ष मोजावं असं ठरलं. नगराध्यक्षांनी लगेच सांगून टाकलं की, त्यांचं मोजणं पदाच्या प्रतिष्ठेला धरून होणार नाही. महिला सदस्यांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. "प्रस्तावकाचंच मोजू," कुणीतरी मागून म्हणालं, आणि ठराव एकमतानं पास झाला. नगरपालिकेचा निरीक्षक तोत्यो, अत्यंत प्रामाणिक आणि त्यामुळेच कुठल्याही पार्टीला न बोलावला जाणारा तरुण, सुताराची पट्टी घेऊन आला. डॉक्टर बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर राष्ट्रीय ध्वज होता. त्याच्याकडे त्यांनी नजर लावली.

"बेचाळीस सेंटिमीटर!" तोत्यो खणखणीत आवाजात म्हणाला.

श्रीमती पाउनोव्हांनी नोंद केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पाव आणायला गेले तेव्हा फळीवरच्या दोन पावांकडे बोट दाखवत दुकानातल्या बाईनं विचारलं, "कुठला देऊ, साधा की बेचाळीसचा?" डॉक्टरांनी साधा घेतला आणि इतिहासात सुधारकांना काय काय सोसावं लागलं याचा विचार करत घरी आले.

तरीही उपविधी मंजूर झाला. त्यात कुणी चलाखी करू नये म्हणून डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच्या हातानं एक खास कलम घातलं होतं. मालकानं जूनच्या आरंभी खुर्च्यांचा आकडा एकदा सांगायचा. मग जानेवारीपर्यंत त्यात बदल नाही. सांगितलेल्यापेक्षा जास्त आसनावर कुणी बसलेला सापडला तर बसणाऱ्याला दंड, आणि खानावळीचा परवाना महिनाभर बंद. रुमेनाला त्यांनी ते कलम दोनदा वाचून दाखवलं. "कसं आहे?" "घट्ट आहे," रुमेना म्हणाली.

जून उजाडला. कुनाबाईंनी चोवीस खुर्च्या सांगितल्या, चोवीसचे पैसे भरले आणि डॉक्टरांच्या घरी गरमागरम चीजची बानित्सा पाठवली. बोयाननं 'ग्रँड'मधल्या सगळ्या खुर्च्या तळघरात टाकल्या, छातीएवढी उंच टेबलं आणली आणि दारावर पाटी लावली, 'आमच्याकडे आता उभ्यानं खाण्याची आधुनिक पद्धत.' गेन्कोनं तर कमालच केली. त्याच्या हिरड्या बऱ्या झाल्या होत्या. तो नगरपालिकेत आला आणि म्हणाला, "बारा."

"काय बारा?"

"खुर्च्या. बाकीच्या मला आवडत नव्हत्या."

त्या संध्याकाळी गिरणीत लोक पिंपांवर, पिठाच्या पोत्यांवर आणि ओंडक्यांवर बसून पीत होते. तोत्यो धावत गेला. "ही आसनं आहेत."

"हे सरपण आहे," गेन्को म्हणाला.

"माणसं सरपणावर बसतात का?"

"दमली की बसतात."

डॉक्टरांनी तातडीची सभा बोलावून दुरुस्ती घातली. आसन म्हणजे परवान्याच्या जागेत माणूस जिच्यावर बसतो ती कोणतीही वस्तू. एवढ्यानं प्रश्न सुटेल अशी त्यांची समजूत होती. पण आता त्यांना रस्त्यात कुणी 'कसे आहात' असं विचारीनासं झालं. लोक विचारत, "डॉक्टर, खिडकीला टेकलं तर?" "टेबलाच्या कडेवर निम्मं बूड ठेवलं तर निम्मी फी का?" एकदा तर औषधाच्या दुकानासमोर एका म्हाताऱ्यानं हात धरून विचारलं, "आणि उकिडवं बसलं तर?" डॉक्टरांनी बराच विचार केला. उकिडवं बसण्यात वस्तू नाही, सबब आसन नाही. त्यांनी तसं मत दिलं. दुसऱ्या दिवसापासून गिरणीच्या भिंतीला लागून गावातले प्रतिष्ठित लोक ओळीनं उकिडवे बसून राकिया पिऊ लागले. लांबून पाण्यासाठी रांग लागल्यासारखी वाटे.

खुर्चीवर बसून पिता येईल अशी गावात एकच जागा धड उरली, ती कुनाबाईंची. तिथं इतकी झुंबड उडाली की कुनाबाई स्वतः पाठीच्या दुखण्यानं वाकल्या. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मला न्याय पाहिजे होता हो. एवढा नको होता."

आणि राइकोंनी हिशेब केला. खुर्च्यांच्या फीचे सगळे मिळून पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही पैसे आले नव्हते. त्यांनी डॉक्टरांना बालवाडीत नेलं आणि छताकडे बोट दाखवलं. खाली चार बादल्या मांडून ठेवल्या होत्या. एका बादलीवर मुलांनी बदक काढलं होतं. डॉक्टर त्या रात्री जेवले नाहीत.

पण खरा दणका अजून बसायचा होता. लग्नाला दोन आठवडे राहिले तेव्हा रुमेना गिरणीत जेवणाचा बेत पक्का करायला गेली आणि परत आली ती पर्स टेबलावर आपटूनच.

"शंभरावर माणसं येणार. गेन्को म्हणतो, खुर्च्या बारा."

"मी बोलतो त्याच्याशी."

गेन्को मनानं वाईट नव्हता. त्यानं डॉक्टरांना राकिया दिली, अर्थात उभ्यानंच. "स्पास, वियारा मला मुलीसारखी आहे. वर माळ्यावर अठ्ठ्याहत्तर खुर्च्या पडल्यात. पण एक जरी खाली आणली तरी माझा परवाना महिनाभर बंद. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे माझं वर्ष. बारा माणसं काम करतात माझ्याकडे. सांग, आणू?"

डॉक्टर श्रीमती पाउनोव्हांकडे गेले. जादा खुर्च्यांची फी स्वतःच्या खिशातून भरायला ते तयार होते.

"आकडा जानेवारीपर्यंत बदलता येत नाही."

"पण एका दिवसापुरता..."

"तशी तरतूद नाही."

"कलम कुणी घातलंय एवढं कडक?" डॉक्टर वैतागून म्हणाले. श्रीमती पाउनोव्हांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तातडीची दुरुस्ती वर्षातून एकदाच करता येत होती आणि ती सरपणापायी वापरून झाली होती; आता दुरुस्ती करायची तर हरकती मागवायला महिना लागणार होता. 'ग्रँड'मध्ये उंच टेबलं. कुनाबाईंकडे चोवीस खुर्च्या, आणि त्याही एकमेकींच्या मांडीवर. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. हळूच खुर्च्या मांडून तोत्योकडे काणाडोळा करायला सांगावं, असंही एकदा डॉक्टरांच्या मनात आलं. पण जूनमध्ये त्यांनीच त्याला चौकात, लोकांसमोर सांगितलं होतं, "तोत्यो, माझा सख्खा बाप जरी बसलेला दिसला तरी सोडायचं नाही."

मग दोन्ही घरांत बारा खुर्च्यांची वाटणी सुरू झाली. नवरा-नवरीच्या दोन. धर्मपिता आणि धर्ममातेच्या दोन. त्यांना उभं ठेवलं तर लग्नच लागलं नाही असं लोक म्हणाले असते. अकॉर्डियनवाल्यानं आधीच बजावलं होतं की उभ्यानं तो फक्त मयताला वाजवतो, म्हणून एक त्याची. दोन्हीकडच्या आज्या, आत्या, एक पाय प्लास्टरमध्ये असलेले काका असं करता करता बारा संपल्या. नवऱ्या मुलाच्या आईचं नाव कुठेच बसेना. तिला काय सांगायचं यावर घरात तीन दिवस वाद झाला आणि शेवटी कुणीच काही सांगितलं नाही.

लग्नाचा शनिवार उन्हाचा, सुरेख निघाला. चर्चमध्ये सगळं यथासांग झालं. तिथं उभं राहण्याची सवयच असते. मंडळी गिरणीच्या अंगणात आली. कोकरू भाजलं जात होतं, टेबलांवर सॅलडं होती, राकिया थंडगार होती आणि शंभर माणसं न येणाऱ्या बसची वाट बघावी तशी नुसती उभी होती. विहीणबाई एव्दोकिया वार्नाहून आल्या होत्या, जन्मभर न्यायाधीशाचं काम करून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांनी अंगणावरून नजर फिरवली.

"डॉक्टर, बसायचं कुठे?"

डॉक्टरांनी न्याय्य शुल्काचं तत्त्व थोडक्यात सांगितलं. विहीणबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"मी तीस वर्षं लोकांना समोर उभं केलंय," त्या म्हणाल्या. "स्वतः कधी उभी राहिले नाही. आमच्याकडे मयतालासुद्धा बसायला देतात."

सुदैवानं बँड सुरू झाला. माणूस उभाच असला की नाचायला वेळ लागत नाही. सगळ्यांनी हात धरले आणि अंगणभर होरो नाचाचं वेटोळं फिरू लागलं. पहिला अर्धा तास फार बहारीचा गेला. दुसऱ्या अर्ध्या तासात लोक एकमेकांवर टेकून नाचू लागले. मेतोदी झाडाला मिठी मारून उभे होते आणि ताल देत असल्याचं दाखवत होते. बोयानही आला होता, कुनाबाई कमरेवर हात ठेवून आल्या होत्या, आणि नव्या बुटांत पाय आवळलेला तोत्योसुद्धा आला होता. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणीतरी लग्नाला बोलावलं होतं. वियारानं, हट्टानं. तो एका कोपऱ्यात उभा राहून, आनंद आणि कर्तव्य दोन्ही एकाच चेहऱ्यावर सांभाळत होता.

इतक्यात होरोच्या वेटोळ्यातून विहीणबाई बाहेर पडल्या, सरळ नदीकडेच्या कोपऱ्यात गेल्या, तिथं पडलेल्या जुन्या जात्याच्या दगडावर रुमाल अंथरला आणि बसल्या.

तोत्यो पांढरा पडला. एकदा त्यानं वियाराकडे पाहिलं, एकदा बुटांकडे, आणि चालत पुढे आला. "मॅडम, माफ करा. हे सांगितलेलं आसन नाही."

"हा दगड आहे, बाळा."

"उपविधीप्रमाणे माणूस जिच्यावर बसतो ती कोणतीही वस्तू..."

"कुणी लिहिलाय तो उपविधी?"

तोत्योनं वळून डॉक्टरांकडे पाहिलं. अकॉर्डियन मध्येच थांबलं. शंभर माणसं डॉक्टरांकडे बघू लागली. दगड हे आसन ठरलं, तर गेन्कोचा परवाना गेला आणि मुलीची सासू पहिल्याच दिवशी दंड भरून जाणार. दगड आसन नाही म्हटलं, तर उद्यापासून गावात सगळे दगडांवर बसतील आणि डॉक्टरांनी उन्हाळाभर जे सोसलं ते फुकट. गेन्को हातातला सुरा खाली धरून उभा होता. त्याचा तो अवाढव्य चेहरा एकदम लहान मुलासारखा दिसत होता. वियाराच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसू आवरल्यामुळे की रडू, ते डॉक्टरांना कळेना.

डॉक्टर अंगण ओलांडून गेले. आपल्या नव्या काळ्या सुटाकडे त्यांनी एकदा पाहिलं, विहीणबाईंना म्हणाले, "जरा सरकता का?" आणि त्यांच्या शेजारी बसले. सकाळपासून पहिल्यांदाच. त्यांच्या तोंडून असा काही सुस्कारा निघाला की नदीपलीकडे कुत्रं भुंकलं.

"तोत्यो," ते म्हणाले, "दंड माझ्या नावावर घे. दोघांचा. परवान्याचं उद्या सकाळी सभा बोलावून बघतो. हा उपविधी चुकलाय. मी चुकवलाय. गेन्को, माळ्यावरच्या खुर्च्या खाली काढ."

 मग मेतोदींनी झाड सोडलं आणि जिन्याकडे धाव घेतली. अठ्ठ्याहत्तर खुर्च्या हातोहात खाली आल्या. काही तर यायच्या आतच भरल्या. तोत्योनं शिस्तीत सगळे बसेपर्यंत वाट पाहिली, मग बूट काढले आणि जात्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. विहीणबाईंनी त्याला कोकराचा तुकडा दिला. "मुलगा कामाचा आहे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "मी अशांना बढती द्यायला लावायची."

जेवणं झाली तशी डॉक्टरांनी गेन्को, बोयान आणि कुनाबाईंना एका टेबलाशी बोलावलं. सूट मळलेला होता, प्रतिष्ठा संपलेली होती, त्यामुळे बोलायला फार मोकळं वाटत होतं. "बालवाडीच्या छपराला पैसे पाहिजेत. कुणी किती भरायचे?"

"माझा धंदा तर बुडालाय," बोयान म्हणाला.

"बुडालाय?" गेन्को उसळला. "तुला वाइन पुरवतो तो माझा मावसभाऊ आहे! दर आठवड्याला ट्रक रिकामा करून जातो."

"आणि तुझ्या मागच्या दारानं प्लम राकियाची पिंपं येतात ती?" बोयान ओरडला. "ती काय औषध म्हणून?"

"दोघंही शेळीसारखं बें बें करू नका," कुनाबाई म्हणाल्या. "तुमच्या दोघांचे वाढपी माझ्याकडे जेवायला येतात. मला सगळं ठाऊक आहे."

डॉक्टर बघतच राहिले. मार्चपासून जी माहिती ते गावभर शोधत होते ती या टेबलावर फुकट सांडत होती. स्वतःच्या धंद्याबद्दल तिघंही खोटं बोलत होते, आणि दुसऱ्याच्या धंद्याबद्दल तिघंही, जरासं वाढवून का होईना, खरं बोलत होते. "थांबा," ते म्हणाले. "स्वतःची फी कुणी सांगायची नाही. प्रत्येकानं फक्त बाकीच्या दोघांची सांगायची. दोन आकड्यांच्या मधला आकडा ती फी."

भांडण सूर्य कलेपर्यंत चाललं. बोयान सतराशेला आला, गेन्को आठशेला, कुनाबाई दोनशेला. बेरीज पूर्वीइतकीच झाली. तिघांनी कपाळाला आठ्या घातल्या, म्हणजे वाटणी बरोबर झाली असं लग्नाला आलेल्या राइकोंनी जाहीर केलं आणि वर एक पेला घेतला. दुरुस्तीला हरकती लागतात, रद्द करायला लागत नाहीत, हे विहीणबाईंनी दाखवून दिलं; रविवारी सकाळी सभेनं जुना उपविधी रद्द केला, गेन्कोचा परवाना वाचला, आणि डॉक्टरांनी दोघांचा दंड भरला. त्या उपविधीखाली वसूल झालेला तो पहिला आणि शेवटचा दंड.

नवा ठराव कागदावर यायच्या आत मात्र कुनाबाई डॉक्टरांच्या दारात उभ्या राहिल्या. डोक्याला चांगला रुमाल, चेहरा लाल.

"दोनशे?" त्या म्हणाल्या. "माझी किंमत दोनशे?"

"कुनाबाई, पूर्वी नऊशे होती. तुम्हीच तर..."

"नऊशे होती तेव्हा मी त्या दोघांच्या बरोबरीची होते! आता तो गेन्को बाजारात सगळ्यांना सांगतोय, कुनाचं दुकान म्हणजे बोयानच्या कारंज्यातला मासा. माझा नवरा गेला तेव्हा तीन टेबलं होती, डॉक्टर. मी सहा केली. मला तीनशे लावा."

"पण..."

"तीनशे! नाहीतर मी हरकत नोंदवते."

डॉक्टरांनी रुमेनाकडे पाहिलं. "लाव," रुमेना आतून म्हणाली. "न्यायानं वाग."

फी वाढवून मिळावी असा अर्ज ब्रेस्तोदोलच्या नगरपालिकेत त्यापूर्वी कधी आला नव्हता. राइकोंनी तो दोनदा वाचायला लावला आणि तिसऱ्यांदा स्वतः वाचला. एकमतानं मंजूर. वरच्या शंभरात बालवाडीला झोपाळाही मिळाला. पैसे भरायला कुनाबाई मुद्दाम बाजाराच्या दिवशी, गेन्को चौकात उभा असताना आल्या.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी डॉक्टर त्यांच्याकडे गेले. टेबलं भरलेली होती, तरी त्यांच्यासाठी कोपऱ्यातली खुर्ची लगेच मोकळी झाली. कुनाबाईंनी राकिया आणली, लोणच्याची बशी आणली, आणि शेवटी बिल आणलं. पेल्यामागे दहा स्तोतिंकी, म्हणजे लेव्हचा दहावा हिस्सा, वाढल्या होत्या.

"हे काय, कुनाबाई?"

"काय करणार, डॉक्टर," कुनाबाई खोल निःश्वास टाकून, सगळ्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नगरपालिकेनं फी किती वाढवून ठेवलीय!"

चोवीस खुर्च्यांवरून चोवीस माना डॉक्टरांकडे वळल्या. त्यांनी निमूटपणे पैसे मोजले, वर थोडी बक्षिशी ठेवली, आणि आणखी एक पेला मागवला.